भर उन्हाळ्यात स्पोर्ट्स कारचं इंजिन थंड कसं ठेवायचं

स्पोर्ट्स कार नव्याने हाती आलेल्या माणसाचा पहिला उन्हाळा बराचसा तापमानाच्या काट्याकडे बघण्यात जातो. गर्दीत गाडी अडकली की काटा मधली रेघ सोडून वर सरकायला लागतो, आणि मग सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो: मोठा रेडिएटर बसव, थर्मोस्टॅट (तापमान बघून रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाक, पंख्याला थेट स्विच जोड. यातले बहुतेक सल्ले खर्च वाढवतात आणि दुखणं आहे तिथेच ठेवतात. ज्यांची ही पहिलीच स्पोर्ट्स कार आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की नवीन काही बसवण्याआधी गाडीला मुळात जी यंत्रणा दिली आहे ती पूर्ण ताकदीने चालते आहे का ते बघा. रस्त्यावरच्या वापरासाठी बहुतेक गाड्यांना तेवढं पुरतं. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. जे फुकटात किंवा स्वस्तात तपासता येतं ते आधी, खर्चाचं शेवटी.

उन्हाने नेमकं काय बिघडतं

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा गाडी पळवण्याच्या कामी येते. साधारण तेवढीच धुरासोबत सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ही तिसरी वाटणी कूलंट (इंजिन आणि रेडिएटर यांच्यात फिरणारा थंड करणारा द्रव) आणि ऑइलला बाहेर न्यावी लागते. इंजिन जितकी ताकद देतं, जवळपास तितकीच उष्णता रेडिएटरला हवेत सोडावी लागते, असं धरून चाला. ताकदवान इंजिनांचा प्रश्न इथेच सुरू होतो.

रेडिएटर किती उष्णता सोडेल हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंश सेल्सिअस आणि हवा २० अंश असेल तर फरक ७५ अंशांचा. हवा ४० अंशांवर गेली की फरक उरतो ५५. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण काम सुमारे चतुर्थांशाने घटलं. त्यात रस्त्यालगतची हवा बाकी हवेपेक्षा जास्त तापलेली असते आणि एसीचा कंडेन्सर आपली उष्णता रेडिएटरच्या पुढ्यातच ओततो. थंडीत अर्धवट तुंबलेला रेडिएटर किंवा मंद पडलेला पंखा खपून जातो, उन्हाळ्यात खपत नाही. ‘उन्हामुळे तापते’ असं कोणी सांगितलं तर ते अर्धंच उत्तर समजा. ऊन फक्त आधीपासूनची कमतरता उघडी पाडतं.

स्पोर्ट्स कारमध्ये अडचणी थोड्या जास्त असतात. बॉनेटखाली जागा कमी, हवा कापत जाण्यासाठी पुढचं तोंड लहान ठेवलेलं, टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारं यंत्र) असेल तर उष्णतेचा आणखी एक स्रोत. इंजिन मध्ये किंवा मागे आणि रेडिएटर पुढे, अशी मांडणी असेल तर कूलंटला गाडीभर प्रवास करावा लागतो. पोर्शे ९११चं इंजिन १९९८पर्यंत हवेने आणि ऑइलने थंड होत असे. पाण्याने थंड होणारं इंजिन आल्यावर तिचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत गेले. बाहेरून ते दिसत नाहीत आणि सुकलेली पानं मात्र नेमकी तिथेच जाऊन बसतात.

पहिलं काम: खरा आकडा बघायला शिका

डॅशबोर्डवरच्या काट्यावर भिस्त ठेवू नका. अनेक आधुनिक गाड्यांमध्ये तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. कूलंट ८० अंशांवर असो किंवा १०५वर, काटा मध्यावरून हलत नाही. तो हलतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. काही गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो.

ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायच्या जागेला, लावायचा छोटा रीडर घ्या आणि फोनवर कूलंटचं तापमान आकड्यात बघा. अमेरिकेत १९९६पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१पासून हे सॉकेट सक्तीचं आहे, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांमध्ये ते सापडतं. सोबत सेवन-हवेचं, म्हणजे इंजिन आत ओढतं त्या हवेचं तापमान दिसत असेल तर तेही बघा. गाडी जुनी असेल तर चांगल्या प्रतीचा वेगळा गेज बसवणं हा मी सुचवेन असा पहिला खर्च.

आता गाडी ठणठणीत असताना आकडे लिहून ठेवा. मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने जाताना किती, गर्दीत एसी चालू असताना किती, पंखा किती अंशांवर सुरू होतो आणि किती अंशांवर बंद होतो. ही नोंद तुमच्या गाडीची आहे, दुसऱ्याच्या आकड्यांशी तिची तुलना करू नका. सर्वसाधारणपणे ८५ ते १०५ अंशांच्या दरम्यान काळजीचं कारण नसतं. ११०च्या पुढे सावध व्हा, आणि ११५–१२० दिसू लागलं तर गाडी थांबवण्याची तयारी करा. मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच धरा. नोंदीपेक्षा ५–७ अंश जास्त दिसायला लागले की समजायचं, काहीतरी बदललं आहे. लाल दिवा लागण्याच्या कितीतरी आधी ही सूचना मिळते, आणि हाच या सवयीचा सगळ्यात मोठा फायदा.

कूलंट: पातळी, मिश्रण, वय

इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी गाडी सुरू करण्याआधी, टाकीतली पातळी बघा. खुणांच्या मध्ये असायला हवी. बंद यंत्रणेतलं कूलंट आपोआप कमी होत नाही. पुन्हा पुन्हा भरावं लागत असेल तर गळती आहे, आणि ती सापडेपर्यंत पुढच्या कुठल्याही पायरीला अर्थ नाही.

नुसतं पाणी घालावं का, हा प्रश्न हटकून येतो. उष्णता वाहून नेण्यात पाणी सरस आहे हे खरं. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमध्ये पाण्यासोबत असणारा रासायनिक द्रव) घातलं की मिश्रणाची ती क्षमता सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते. पण पाणी १०० अंशांना उकळतं आणि धातू गंजवतं. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू १०७ अंशांच्या आसपास जातो, त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात आणि पंपाच्या सीलला संरक्षण मिळतं. रस्त्यावरच्या गाडीला मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच मिश्रण ठेवा. ग्लायकॉल जास्त घातलं की गाडी जास्त थंड राहते हा समज अगदी उलटा आहे. सांगितल्यापेक्षा घट्ट मिश्रण उष्णता कमी वाहून नेतं. प्रमाण तपासायला रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, दोन थेंबांत काम होतं.

मिश्रणासाठी डिस्टिल्ड किंवा क्षार काढलेलं पाणीच वापरा. क्षारांचं पाणी तापलं की धातूवर पांढरा थर धरतं आणि तो थर उष्णता अडवतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये हा थर एकदा बसला की सहज निघत नाही.

कूलंटच्या रंगावरून त्याचा प्रकार ओळखू नका. रंग उत्पादकाच्या मर्जीचा असतो. हिरवं-हिरवं एकत्र केलं आणि त्याचा गाळ झाला, असं होऊ शकतं. डब्यावर लिहिलेलं मानांकन मॅन्युअलशी जुळतं का ते बघा. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, दीर्घायुषी प्रकार पाचेक वर्षं टिकतात. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकाने काय भरलं होतं याची नोंद नसेल, तर सगळं काढून, यंत्रणा धुऊन नव्याने भरा. काढलेलं कूलंट मोरीत किंवा जमिनीवर ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतं. लहान मुलं आणि पाळीव जनावरं त्याकडे ओढली जातात.

टाकीचं झाकण

यंत्रणेतली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. प्रेशर कुकरसारखंच तिचं काम आहे. आत दाब धरला की पाणी उशिरा उकळतं. साधारण १ बार दाब धरणारं झाकण नीट काम करत असेल तर निम्मं-निम्मं मिश्रण १२८–१३० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणातली स्प्रिंग थकली किंवा रबर चिरलं की हे सगळं संरक्षण जातं आणि ११० अंशांनाच आत बुडबुडे सुटायला लागतात. वाफ उष्णता फारशी वाहून नेत नाही. जिथे वाफ साचते तिथला धातू उघडा पडतो आणि हेडला (सिलिंडरवर झाकणासारखा बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागाला) बाक येण्याची सुरुवात तिथून होते.

झाकणात दुसरा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन थंड होताना तो द्रव परत आत येऊ देतो. तो अडकला की गाडी थंड झाल्यावर होज पाइप, म्हणजे कूलंटच्या रबरी नळ्या, आत चेपलेले दिसतात. रबराला चिरा दिसल्या, किंवा झाकणाचं वय माहीत नसलं, तर सरळ नवं घ्या, आणि मूळ दाबाचंच घ्या. जास्त दाबाचं घेतलं तर जुन्या होज पाइपांवर आणि रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्यांवर नको तेवढा ताण येतो.

अडकलेली हवा बाहेर काढणं

कूलंट बदललं, नवं होज बसवलं आणि नंतर गाडी तापायला लागली, तर पहिला संशय आत अडकलेल्या हवेवर घ्या. पुढे इंजिन असलेल्या साध्या मांडणीत हवा आपोआप वर निघून जाते. मध्ये इंजिन असलेल्या गाड्यांत लांब नळ्या गाडीच्या तळातून जातात, वर-खाली वळणं घेतात आणि प्रत्येक उंच वळणावर हवेचा खिसा तयार होऊ शकतो.

गाडी थंड आणि सपाट जागी घ्या. मॅन्युअलमध्ये पुढचा भाग उंच करायला सांगितला असेल तर तो करा, स्टँड लावूनच. आतल्या हीटरचं तापमान सगळ्यात गरमवर ठेवा, कारण काही गाड्यांत हीटरकडे जाणारा मार्ग तेव्हाच उघडतो. हवा सोडायचे स्क्रू कुठे आहेत ते शोधा, ते उघडे ठेवून अगदी सावकाश भरा. स्क्रूमधून बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. इंजिन सुरू करा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू द्या आणि हीटरमधून सलग गरम हवा येते का बघा. मध्येच थंड झुळूक आली तर आत अजून हवा आहे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा तपासा.

मध्ये किंवा मागे इंजिन असलेल्या गाडीसाठी मी निर्वात पद्धतीनेच भरायला सांगतो. यंत्रणेतली हवा कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या साधनाने खेचून काढायची आणि मग कूलंट स्वतःच आत ओढलं जातं. आतली निर्वात पोकळी टिकते का, म्हणजे गळती आहे का, हेही तेव्हाच कळतं.

हवेची वाट

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. रेडिएटर कितीही चांगला असला तरी त्यातून हवा आरपार गेली नाही तर तो शोभेचा. आणि हवा नेहमी सोपी वाट धरते. रेडिएटरच्या दाट पात्यांतून जाण्यापेक्षा बाजूच्या फटीतून निसटणं तिला सोपं असतं.

बंपरच्या जाळीपासून सुरुवात करा. टॉर्च घेऊन आत बघा. आधी एसीचा कंडेन्सर दिसेल, त्यामागे रेडिएटर. खरी घाण या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत साचते. समोरून कंडेन्सर लख्ख दिसतो आणि मागे किडे, पिसं, धूळ, पानं यांची गोधडी बसलेली असते. वरचं आवरण काढून त्या फटीत डोकवा. गरज पडली तर बंपर उतरवा. पहिल्यांदा धास्ती वाटते, पण बहुतेक गाड्यांत ते स्क्रू आणि क्लिपांचं काम आहे.

धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने सोडा, घाण आली त्याच वाटेने परत जाते. धार हलकी हवी. प्रेशर वॉशर जवळून मारला तर ॲल्युमिनियमची पाती आडवी होतात आणि होती ती वाटही बंद होते. वाकलेली पाती सरळ करायला बारीक दातांची फणी मिळते. सावकाश, एकेक रांग घ्या.

पुढे फटींकडे वळा. बंपरचं तोंड आणि रेडिएटर यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना, वर आणि खाली प्लास्टिकची किंवा फोमची आवरणं असतात. आत शिरलेली सगळी हवा रेडिएटरकडेच ढकलणं हे त्यांचं काम. आधीच्या मालकाने किंवा एखाद्या गॅरेजने ती काढून ठेवलेली असणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. गाडीखालची आवरणंही तशीच. माझदा एमएक्स-५ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. तिच्या पुढच्या भागाखालचं प्लास्टिकचं आवरण नसेल तर गावात ठीक वाटणारी गाडी महामार्गावर तापते, कारण वेगात हवा रेडिएटरला वळसा घालून खालून निघून जाते. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या चौथ्या आणि पाचव्या पिढीची गाडी तर हवा बंपरच्या खालूनच घेते. तिथली लोंबणारी रबरी पट्टी दिसायला क्षुल्लक असते, पण हवा वर वळवण्याचं काम तीच करते. खड्ड्यात घासून ती तुटली की तापमान चढतं, आणि रस्त्यावरचा कचराही त्याच वाटेने आत खेचला जातो.

तेव्हा मॅन्युअलमधली किंवा सुट्या भागांच्या यादीतली चित्रं समोर ठेवून एकेक आवरण जागेवर आहे का ते पडताळा. नसेल ते आणा. मूळ भाग मिळत नसेल तर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि उष्णता सोसणारा फोम वापरून फट बंद करता येते. महागडा रेडिएटर घेण्याआधी हे करून बघाच. कित्येकदा प्रश्न तिथेच संपतो.

आत गेलेली हवा बाहेरही पडायला हवी. बॉनेटखाली दाब साचला तर रेडिएटरमधून नवी हवा येणार नाही. यासाठी काही जण बॉनेटची मागची कड वॉशर लावून उचलतात. उभ्या गाडीत त्यातून गरम हवा निघते, पण वेगात विंडस्क्रीनच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे हवा तिथून उलट आत शिरू शकते. बॉनेटला झरोके पाडायचेच असतील तर ते रेडिएटरच्या लगेच मागे, पुढच्या भागात असावेत. तिथे दाब कमी असतो.

पंखा

वेग साधारण ५०–६० किलोमीटरच्या वर असेल तर समोरून येणारी हवा पुरते. त्याखाली सगळी जबाबदारी पंख्याची.

तपासणी सोपी आहे. एसी लावला की बहुतेक गाड्यांत पंखा सुरू होतो. मग एसी बंद करून गाडी जागेवर चालू ठेवा आणि रीडरवर बघा, तुमच्या नोंदीतल्या अंशांवर पंखा लागतो का. दोन पंखे किंवा दोन वेग असतील तर दोन्ही तपासा. फक्त मंद वेगच चालतो आणि जोराचा वेग गेलेला असतो, हा दोष उन्हाळ्यापर्यंत लपून राहतो. फ्यूज, रिले, तापमानाचा सेन्सर आणि मोटर या क्रमाने शोधा. पंखा बदललेला असेल तर तो योग्य दिशेने फिरतो का, हेही बघा. तारा उलट जोडल्या तर तो हवा उलट ढकलतो. पंख्याभोवतीचं आवरण शाबूत हवं. ते नसेल तर पात्यांसमोरच्या गोल भागातूनच हवा खेचली जाते आणि उरलेला रेडिएटर बिनकामाचा राहतो.

इंजिन बंद केल्यावरही विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. हात घालण्याआधी त्याचा प्लग काढा.

पंप, होज आणि थर्मोस्टॅट

पंपाच्या अंगावर एक छोटं भोक असतं. तिथून ओघळ किंवा सुकलेल्या कूलंटचे रंगीत डाग दिसले तर आतलं सील जात चाललं आहे. बेल्ट सैल असेल तर पंप घसरत फिरतो. होज पाइप थंड असताना दाबून बघा. फुगलेला, कडक कुरकुरीत किंवा पिचपिचीत झालेला पाइप बदला. रेडिएटरच्या खालच्या होजकडे विशेष लक्ष द्या. पंप त्यातून द्रव ओढत असतो. पाइप मऊ पडला तर जास्त आरपीएमला तो चेपतो आणि प्रवाह आटतो.

थर्मोस्टॅटबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. तो एका ठरलेल्या तापमानाला, साधारण ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान, उघडायला लागतो आणि आणखी दहाएक अंशांनी पूर्ण उघडतो. इंजिनाचं किमान तापमान तो ठरवतो. कमाल तापमान रेडिएटर, पंखा आणि हवा यांच्या हाती असतं. कमी अंशांचा थर्मोस्टॅट बसवल्याने तापमान चढायला सुरुवात थोडी उशिरा होते, इतकाच फरक. तापमान १०५वर गेलं असेल तेव्हा ८२ अंशांचा आणि ९२ अंशांचा, दोन्ही पूर्ण उघडेच असतात. काढून टाकणं तर त्याहून वाईट. इंजिन नीट तापत नाही, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, झीज वाढते, आणि काही इंजिनांत कूलंट रेडिएटरकडे न जाता जवळच्या वाटेने फिरत राहतं. थर्मोस्टॅट अडकत असेल तर मूळ अंशांचाच नवा बसवा.

तापते कधी, त्यावरून दोष ओळखा

थांबलेल्या गाडीत किंवा गर्दीत तापमान चढतं आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतं: पंखा, रिले, पंख्याचं आवरण. गर्दीत ठीक पण वेगात किंवा चढावर तापते: तुंबलेला रेडिएटर, गायब आवरणं, चेपणारं होज, घासलेला पंप. थंड सुरुवातीनंतर काही मिनिटांतच काटा वर धावतो: कूलंट कमी, अडकलेली हवा किंवा बंद पडलेला थर्मोस्टॅट. अधूनमधून, काहीही ताळमेळ नसताना तापते आणि होज थंड इंजिनावरही टणक लागतं: हेड गॅस्केटमधून (हेडखालच्या सीलमधून) ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असावा.

गरम इंजिनावर इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरचा पृष्ठभाग तपासला तर आत तुंबलेला भाग थंड ठिपक्यासारखा सापडतो. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे थर्मामीटर चुकीचा, बराच कमी आकडा दाखवतं. तिथे काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा.

ऑइल आणि टर्बो

जोरात चालवल्या जाणाऱ्या इंजिनात ऑइलही पिस्टन आणि बेअरिंगची उष्णता वाहतं. कूलंट ९५वर शांत असताना ऑइल १३०च्या पुढे गेलेलं असू शकतं आणि डॅशबोर्डवर त्याची खबरही नसते. ९० ते १२० अंश हा ऑइलसाठी चांगला टप्पा. सतत १३०च्या वर जात असेल तर ते पातळ होतं, दाब घटतो. पातळी पूर्ण ठेवा, सांगितलेल्या दर्जाचं सिंथेटिक वापरा आणि उन्हाळ्यात मुदतीच्या थोडं आधीच बदला.

टर्बो गाडीत सेवन-हवेकडे लक्ष द्या. हवा २०वरून ४० अंशांवर गेली की तिची घनता सुमारे ६ टक्क्यांनी उतरते. शिवाय गरम हवेने नॉकिंगची, म्हणजे इंधन आपोआप अवेळी पेटण्याची, शक्यता वाढते, ते टाळायला कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो आणि गाडी सुस्त वाटते. इंटरकूलरची (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाची) पाती रेडिएटरइतकीच स्वच्छ ठेवा, पेट्रोल सांगितलेल्या ऑक्टेनचंच भरा. जोरात चालवून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. शेवटचे दोनेक किलोमीटर सौम्य चालवा, मग थांबा.

चालवताना

उन्हात गर्दी दिसली तर पुढच्या गाडीला चिकटून उभं राहू नका, तिची गरम हवा तुमच्या रेडिएटरमध्ये येते. आकडा चढू लागला की एसी बंद करा. कंडेन्सरची उष्णता आणि कॉम्प्रेसरचा भार दोन्ही जातात. चढावर खालचा गिअर घ्या. आरपीएम वाढले की पंपही वेगाने फिरतो आणि इंजिनावर ओढ कमी येते.

ट्रॅकवर जाणार असाल तर नियम आधी विचारा. सांडलेलं ग्लायकॉल निसरडं असल्याने अनेक ठिकाणी त्याला बंदी असते आणि पाण्यात फक्त गंजरोधक घालून चालवावं लागतं. परतल्यावर रस्त्यावरचं मिश्रण पुन्हा भरायचं विसरू नका. फेऱ्या थोड्या ठेवा, आरपीएमच्या लाल रेघेच्या थोडं आधी गिअर बदला, समोरच्या गाडीमागे चालताना अर्धी गाडी बाजूला राहून स्वच्छ हवा घ्या, आणि शेवटची फेरी सावकाश काढा. थांबल्यावर बॉनेट उघडा. मोठा रेडिएटर, ऑइल कूलर, बॉनेटचे झरोके हे खर्च याच वापरासाठी योग्य आहेत, आणि तेही आकडे बघून. कूलंट चढतं की ऑइल, हे कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

आकडा चढतच राहिला तर

एसी बंद, काचा खाली, आतला हीटर सगळ्यात गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण जोरात. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, सुरक्षित जागा मिळेपर्यंतचा वेळ तो मिळवून देतो. गाडी उभी असेल आणि आकडा अजून मर्यादेत असेल तर न्यूट्रलमध्ये १५००–२००० आरपीएम धरा, पंपाचा प्रवाह वाढतो. काटा लाल पट्ट्यात गेला, वाफ दिसली किंवा हीटरमधून अचानक थंड हवा यायला लागली तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. हीटरमधून थंड हवा येणं हे कूलंट संपल्याचं लक्षण आहे. तेव्हा काटाही खोटं बोलतो, कारण सेन्सर द्रवात राहिलेला नसतो.

बंद केल्यावर काही मिनिटं आकडा आणखी चढेल, कारण प्रवाह थांबलेला असतो. घाबरू नका. झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं १२० अंशांचं कूलंट झाकण सैल होताच वाफ होऊन उसळतं आणि चेहरा, हात गंभीर भाजतात. निदान पाऊण तास जाऊ द्या. वरचं होज हाताला कोमट आणि मऊ लागलं की जाड फडकं धरून झाकण थोडंसंच फिरवा, सुस्कारा थांबू द्या, मगच उघडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. अडचणीत साधं पाणी भरून जवळच्या गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही, पण नंतर सगळं बदला.

एकदा उकळलेली गाडी थंड झाली, सुरू झाली, नीट चालली, तरी तपासल्याशिवाय जोरात चालवू नका. ॲल्युमिनियमच्या हेडला बारीक बाक आलेला असू शकतो आणि लक्षणं आठवड्यांनी दिसतात. माझदा आरएक्स-७सारख्या रोटरी इंजिनात ॲल्युमिनियम आणि बिडाचे भाग एकावर एक रचलेले असतात, ते कमी-जास्त प्रसरण पावतात, आणि एकदाच्या अतितापानेही कूलंटची सील जाऊ शकतात. गॅरेजमध्ये दोन चाचण्या मागा. पहिली दाबाची: थंड यंत्रणेत झाकणावर लिहिलेला दाब भरून तो १०–१५ मिनिटं टिकतो का. दुसरी रसायनाची: टाकीतली हवा निळ्या द्रवातून ओढतात, आणि तो पिवळा पडला तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतो आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, सकाळी थंड इंजिनावर कमी झालेली पातळी, यांपैकी काहीही दिसलं आणि रसायनाच्या चाचणीनेही तेच दाखवलं तर हेड उघडल्याशिवाय इलाज नाही. तोवर गाडी टो करूनच हलवा.